लेकरू घरातच राहिले पाहिजे

आरोग्याच्या पानावर हा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. रक्तदाब, मधुमेह, क्षय, बाळंतपण, मुलांच्या लसी हे समजू शकते. पण मुलगा मुलीसारखा वागतो, मुलगी म्हणते मी मुलगाच आहे, दोन पुरुषांचे किंवा दोन बायांचे एकमेकांवर प्रेम आहे, या घरात झाकून ठेवायच्या गोष्टी. त्या छापायच्या कशाला?

आमचे उत्तर सरळ आहे. वस्तीतल्या अशा लेकराला घराबाहेर काढले की त्याच्या तब्येतीची जी दशा होते, ती नंतर कोणत्याही दवाखान्यात पूर्ण भरून निघत नाही. त्याची झोप, जेवण, शाळा, औषधपाणी आणि मनाचा आधार एकाच दिवशी तुटतो. म्हणून हा विषय आरोग्याचा आहे, आणि त्यावरचे पहिले औषध आपल्या उंबरठ्यावरच आहे.

एक आठवणही द्यायची आहे. र. धों. कर्वे 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढत. जे प्रश्न घरात किंवा डॉक्टरला विचारायची लाज वाटे, ते वाचक या मासिकाला लिहून विचारत आणि कर्वे त्यांची उत्तरे छापत. त्या उत्तरांवर अश्लीलतेचा खटला झाला. 1934 साली मुंबईच्या हायकोर्टात कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. त्या प्रश्नांमध्ये समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्याने ते अश्लील होत नाही आणि वाचकाच्या प्रश्नाला शास्त्राला धरून उत्तर देणे हा गुन्हा नाही, ही बाबासाहेबांची बाजू होती. निकाल विरोधात गेला, कर्व्यांना दंड झाला. पण त्या काळात, ज्या विषयावर बोलायला भलेभले वकील कचरत, त्या विषयासाठी बाबासाहेब कोर्टात उभे राहिले. आज आपल्या मासिकाच्या आरोग्यपानाने त्याच विषयाला लाजावे, हे आम्हाला पटत नाही.

हा आजार नाही

आधी शब्द समजून घेऊ. एलजीबीटीक्यू हा शब्द टीव्हीवर आणि मोबाइलवर ऐकू येतो. त्यात बरीच वेगवेगळी माणसे येतात. ज्या पुरुषाला पुरुषाबद्दल ओढ वाटते तो गे, ज्या स्त्रीला स्त्रीबद्दल ओढ वाटते ती लेस्बियन; दोघांनाही समलिंगी म्हणतात. काहींना स्त्री आणि पुरुष दोघांबद्दलही ओढ वाटते, ते उभयलिंगी. काहींचे शरीर पुरुषाचे असते पण मन लहानपणापासून सांगते की मी बाई आहे, किंवा याच्या उलट असते. त्यांना ट्रान्सजेंडर किंवा पारलिंगी म्हणतात. आपल्याकडे तृतीयपंथी हा शब्द रूढ आहे. काही मुले जन्मतःच अशी असतात की शरीरावरून मुलगा की मुलगी हे पटकन ठरत नाही. ती वेगळी बाब आहे. सगळ्यांना एकच शिवी देऊन मोकळे होण्याची सवय आपल्या गल्ल्यांना आहे. पण गे असलेला प्रत्येक जण साडी नेसत नाही आणि प्रत्येक तृतीयपंथी टाळी वाजवून पैसे मागत नाही.

आता वैद्यकशास्त्र काय म्हणते ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये समलिंगी असणे आजारांच्या यादीतून काढून टाकले. पारलिंगी असणे हा मानसिक विकार नाही, हेही तिने 2019 मध्ये मंजूर केलेल्या नव्या यादीत मान्य केले. आपल्याकडच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने, 2018 मध्ये जाहीर केले की समलिंगी असणे हा आजार समजू नये. आणि 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवले की अशा माणसाला 'सरळ' करून देण्याचा उपचार करणे हे डॉक्टरच्या पेशातले गैरवर्तन आहे.

याचा साध्या भाषेत अर्थ असा. एखादा डॉक्टर शॉक, गोळ्या किंवा इंजेक्शन देऊन तुमचा मुलगा 'नॉर्मल' करून देतो म्हणत असेल, तर तो तुमचे पैसे खातो आहे आणि लेकराला इजा करतो आहे. तिथून उठून यावे. त्याची तक्रार राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे करता येते.

मग लेकराला होते काय? त्याला शाळेत चिडवतात, नाक्यावर हात लावतात, घरात मारतात. त्यातून झोप जाते, भूक जाते, धडधड होते, अभ्यास सुटतो, दारू किंवा गुटखा लागतो, जीव नकोसा होतो. हे आजार खरे आहेत आणि त्यांच्यावर उपचारही आहेत. मात्र ते त्याच्या स्वभावातून आलेले नसतात. ते आजूबाजूच्या वागणुकीतून आलेले असतात.

घर सुटले की काय काय सुटते

श्रीमंताच्या घरातला मुलगा घर सोडून गेला तर त्याच्याकडे शिक्षण असते, ओळखी असतात, दुसऱ्या शहरात भाड्याची खोली असते. वस्तीतले लेकरू बाहेर पडते ते रेल्वे स्टेशनवर. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला फलाटावर कोण भेटते, हे सांगायला नको. पुढे भीक मागणे किंवा शरीर विकणे, एवढेच दोन रस्ते उरतात. हिजडा समाजातल्या एखाद्या गुरूने जवळ केले तर निदान छप्पर आणि आपली माणसे मिळतात. आईबापांनी टाकलेल्या कितीतरी लेकरांना त्या घराण्यांनी जगवले, हे मान्य केले पाहिजे. पण आईबाप जिवंत असताना लेकराला हे का करावे लागावे?

शरीराचे हाल इथून सुरू होतात. छातीला उभार यावा म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून औषधाच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून त्या भरमसाट खाल्ल्या जातात. त्याने रक्तात गुठळी होऊ शकते, यकृतावर ताण येतो. डॉक्टर नसलेल्या माणसाकडून लिंग कापून घेतले जाते. त्यात रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो, आणि वाचला तरी लघवीचा रस्ता आकसून जन्मभराचा त्रास मागे लागतो. सार्वजनिक संडासात पुरुषांच्या बाजूला गेले तर छेड काढतात, बायांच्या बाजूला गेले तर हाकलतात, म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत आणि लघवी धरून ठेवतात. त्यातून लघवीच्या मार्गाला वारंवार जंतुसंसर्ग होतो. क्षयाचा उपचार साधारण सहा महिने न चुकता घ्यावा लागतो. ज्याला रोज झोपायला जागा बदलावी लागते त्याचे डोस चुकतात, आणि डोस चुकले की औषधाला दाद न देणारा क्षय होतो. एचआयव्हीचेही तसेच. सरकारी एआरटी केंद्रात 2004 पासून औषध मोफत मिळते. रोज घेतले तर माणूस धडधाकट राहतो, कामधंदा करतो, आणि रक्तातला विषाणू तपासणीत सापडत नाही इतका कमी झाला की शरीरसंबंधातून तो जोडीदारालाही लागत नाही. पण गोळ्यांची बाटली ठेवायला एक फळी तरी लागते. ती फळी घरात असते.

दवाखान्यात गेले तरी केस पेपर काढतानाच अडते. पुरुष लिहू की स्त्री? नाव एक आणि चेहरा दुसरा कसा? कोणत्या वॉर्डात ठेवायचे? रांगेतली माणसे हसतात, शिपाई हसतो, आणि ताप अंगावर काढायला माणूस परत निघून जातो. सोबत आई किंवा भाऊ उभा असेल तर हसणारे निम्मे लोक गप्प बसतात. हे औषध कोणत्याही मेडिकलमध्ये मिळत नाही.

आपल्या घरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे फारसे कुणी बघत नाही. जातीचा दाखला काढायला वडिलांकडचे पुरावे लागतात. 10 ऑगस्ट 1950 पूर्वी घराणे कुठे राहत होते याचा कागद लागतो, आजोबांचा किंवा चुलत्याचा शाळा सोडल्याचा दाखला लागतो. पुढे जात पडताळणीला तेच कागद पुन्हा. बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलतींसाठी 1990 पर्यंत वाट पाहावी लागली, एवढ्या कष्टाने हा हक्क मिळाला. घरातून हाकललेल्या लेकराकडे यातला एकही कागद नसतो. त्याचे नाव रेशनकार्डावरून कमी केलेले असते. म्हणजे त्याला शिष्यवृत्ती नाही, वसतिगृह नाही, राखीव जागा नाही. बाबासाहेबांनी मिळवून दिलेला हक्क सरकारने नाही, शेजाऱ्याने नाही, घरच्यांनीच त्याच्या हातातून काढून घेतलेला असतो. घराबाहेर काढणाऱ्या बापाने हे एकदा शांतपणे विचारात घ्यावे.

दोन खोटे इलाज

वस्तीत दोन इलाज सांगितले जातात. एक देवाचा, दुसरा लग्नाचा.

देवाचा इलाज जुना आहे. कोल्हापूर, सांगली, सोलापूर या भागांत बायकी वागणाऱ्या मुलाला, केसात जट आलेल्या मुलाला, यल्लम्माला सोडून जोगता करण्याची चाल होती आणि ती अजून पुरती संपलेली नाही. सौंदत्तीच्या डोंगरावर जाणाऱ्यांत आपल्याच पूर्वाश्रमीच्या जातींची लेकरे जास्त असत. 1936 मध्ये मुंबईत बाबासाहेबांनी जोगतिणी, मुरळ्या, पोतराज यांच्यापुढे भाषण करून हे जगणे सोडा, स्वाभिमानाने राहा, असे सांगितले. आपण 22 प्रतिज्ञा घेतल्या, घरातले देव्हारे हलवले. तरी लेकरू वेगळे दिसले की काही घरे अजून गुपचूप भगताकडे जातात, लिंबू उतरवतात, 'बाहेरचे' काढायला मार देतात. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी ज्या घराने नवस सोडला त्या घराने लेकरासाठी पुन्हा भगताचा उंबरा झिजवू नये, एवढे तरी आपल्याला कळले पाहिजे.

लग्नाचा इलाज त्याहून घातक आहे, कारण त्यात दोन जीव जातात. 'लग्न केले की सुधारेल' म्हणून मुलाला बोहल्यावर उभे करतात. आलेल्या सुनेला काहीच माहीत नसते. नवरा जवळ येत नाही, सासू म्हणते तूच थंड आहेस, मूल होत नाही म्हणून तिच्याच तपासण्या होतात. पुढे तो चोरून बाहेर जातो, चोरीच्या संबंधात निरोध वापरला जात नाही, आणि आजार घरात येतो. मुलीच्या बाबतीत तर तिला कोंडून, मोबाइल काढून घेऊन, मारून लग्न लावले जाते, आणि रोज रात्री तिच्यावर जबरदस्ती होते. त्याला आपण संसार म्हणतो. काही मंडळी सांगतात की समलिंगी असणे पंचशीलात बसत नाही. तिसरे शील मिथ्याचारापासून दूर राहायला सांगते. मग दुसऱ्याच्या मुलीला फसवून घरात आणणे आणि तिचे आयुष्य नासवणे, यापेक्षा मोठा मिथ्याचार कोणता? दोन सज्ञान माणसे राजीखुशीने, कुणालाही न फसवता एकत्र राहतात, त्यात आम्हाला तो दिसत नाही.

कायदा काय देतो, काय देत नाही

15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'नालसा' खटल्यात सांगितले की आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याचा आहे. 6 सप्टेंबर 2018 रोजी न्यायालयाने सज्ञान माणसांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांवरचा कलम 377 चा गुन्हा काढून टाकला. 'हे फॅड परदेशातून आले' म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की परदेशातून आले ते 377 कलम. ते इंग्रजांनी 1860 च्या दंडसंहितेत घातले. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात त्यांनी पारध्यांसारख्या जमातींबरोबर हिजड्यांचीही पोलिसात नोंद ठेवायला लावली. जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा 2019 मध्ये झाला आणि 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला. त्यातले बारावे कलम प्रत्येक आईबापाने ऐकावे. तृतीयपंथी आहे या कारणावरून मुलाला न्यायालयाच्या आदेशाशिवाय आईबापापासून वेगळे करता येत नाही, आणि ज्या घरात आईबाप राहतात त्या घरात राहण्याचा त्याला हक्क आहे. अठरावे कलम सांगते की अशा माणसाला घर किंवा गाव सोडायला भाग पाडणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत. ओळखपत्राची सोय जिल्हाधिकाऱ्यांमार्फत केलेली आहे, पण लेकरू अठरा वर्षांखालचे असेल तर तो अर्ज आईबापाने किंवा पालकानेच करायचा असतो. म्हणजे इथेही कायद्याची किल्ली घरच्यांच्याच हातात आहे.

या कायद्यात मोठ्या उणिवा आहेत. बाईवर बलात्कार झाला तर किमान दहा वर्षांची शिक्षा, आणि तृतीयपंथी व्यक्तीवर लैंगिक अत्याचार झाला तर या कायद्यात जास्तीत जास्त दोन वर्षांची. हा कुठला न्याय? आरक्षणाचेही भिजत घोंगडे आहे. 'नालसा' निकालाने तृतीयपंथीयांना मागासवर्गीय समजून आरक्षण द्यावे असे सांगितले. पण जन्माने अनुसूचित जातीची असलेली तृतीयपंथी व्यक्ती मग कुठे बसणार? तिने आपली जात सोडायची का? म्हणून समांतर आरक्षण हवे, म्हणजे अनुसूचित जातीच्या कोट्यातच तृतीयपंथीयांसाठी वाटा. तामिळनाडूतल्या ग्रेस बानू या आंबेडकरी कार्यकर्त्या हीच मागणी घेऊन लढत आहेत. कर्नाटकाने 2021 मध्ये सरकारी नोकऱ्यांत असे एक टक्का समांतर आरक्षण दिले. महाराष्ट्रात 2020 मध्ये तृतीयपंथीयांसाठी कल्याण मंडळ झाले, पण तामिळनाडूने ते 2008 मध्येच केले होते. पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांचा रकाना असावा यासाठी डिसेंबर 2022 मध्ये मुंबई हायकोर्टाला राज्य सरकारचे कान उपटावे लागले. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या राज्याला हे शोभत नाही.

समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात मिळाला नाही. 2024 मध्ये केंद्राने एवढे स्पष्ट केले की अशी जोडपी एका रेशनकार्डावर येऊ शकतात आणि बँकेत जोडखाते उघडू शकतात. तेवढ्यावर थांबता येणार नाही, पण हातात आलेला कागद सोडूही नये.

लोक काय म्हणतील

सगळ्यात शेवटी प्रत्येक घर याच प्रश्नाशी अडते. लोक काय म्हणतील? धाकट्या बहिणीचे लग्न कसे होईल? ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत, भिंतीला भिंत लावून राहणाऱ्याला शेजाऱ्याचे बोलणे टाळता येत नाही.

पण लोक समजतो तितके बंद मनाचे नसतात. सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात तरंगफळ नावाचे गाव आहे. 2017 मध्ये त्या गावाने ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला थेट मतदानाने सरपंच केले. जळगाव जिल्ह्यातल्या भादलीत अंजली पाटील यांचा महिला राखीव जागेचा अर्ज नाकारला गेला. त्या हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, परवानगी मिळवली आणि 2021 मध्ये निवडून आल्या. दिशा पिंकी शेख 2019 मध्ये वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या झाल्या. खेड्यातले मतदार जे करू शकतात, ते आपल्या वस्तीला अवघड का जावे?

शिकायलाही कुणी मोठा नसतो. 2021 मध्ये मद्रास हायकोर्टात दोन तरुण मुलींचे प्रकरण आले. घरच्यांच्या भीतीने त्या पळून आल्या होत्या. न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी निकाल देण्याआधी स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे बसून हा विषय समजून घेतला, आणि मग निकाल दिला. हायकोर्टाचा न्यायाधीश शिकायला बसतो, तर आपल्या विहाराच्या कमिटीला एक रविवार काढायला हरकत नसावी.

आता करायचे काय

आईबापांनी: लेकराने सांगितले तर त्या रात्री कोणताही निर्णय करू नका. जेवायला वाढा, झोपू द्या. मारू नका, केस कापू नका, शाळा बंद करू नका. नातेवाइकांना गोळा करून पंचायत भरवू नका. तुम्हाला समजायला वेळ लागेल. तो वेळ घ्या, पण दार बंद करू नका. रेशनकार्डावरचे नाव आणि जातीच्या दाखल्याचे कागद त्याचेही आहेत, ते जपून ठेवा. लग्नाची घाई करू नका.

लेकरू एकटे बसते, खात नाही, मरणाच्या गोष्टी करते, वस्तू वाटून टाकते असे दिसले तर त्याला एकटे सोडू नका. 14416 या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे सरकारी मानसोपचार विभागात जात, लिंग किंवा लैंगिक कल यावरून कुणालाही परत पाठवता येत नाही.

हार्मोन किंवा शस्त्रक्रिया हवी असेल तर ती सज्ञान झाल्यावर, मोठ्या सरकारी किंवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, रक्ताच्या तपासण्या करून. दुकानातल्या गोळ्या आणि गल्लीतला डॉक्टर नको. एचआयव्हीबद्दल काही विचारायचे असेल तर 1097 वर नाव न सांगता विचारता येते. तपासणी सरकारी केंद्रात मोफत असते आणि निकाल गुप्त ठेवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. लहान मुलाला मारहाण होत असेल तर 1098, आणि वकिलाची मोफत मदत हवी असेल तर 15100.

आशाताई आणि महिला मंडळांनी: घरोघरी जाताना अशा लेकराच्या आईशी एकटीने बोला. वस्तीत बहुतेक वेळा तीच एकटी पडलेली असते. नवरा म्हणतो तुझ्या लाडाने बिघडला, सासू म्हणते तुझ्या पोटचा. मुलगा की मुलगी, किंवा मोठेपणी त्याची ओढ कुणाकडे असेल, हे आईच्या लाडाने ठरत नाही, एवढे एक वाक्य तिला सांगितले तरी तिचा भार हलका होतो.

विहाराच्या कमिटीने: एका रविवारी वंदनेनंतर हा विषय ठेवा. शहरात काम करणाऱ्या संस्था आहेत. मुंबईत हमसफर ट्रस्ट 1994 पासून, पुण्यात समपथिक ट्रस्ट 2002 पासून. वस्तीतल्याच एखाद्या तृतीयपंथी व्यक्तीला बोलायला बोलवा, आणि बोलवाल तेव्हा खुर्ची द्या, पाणी द्या. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत नाचायला बोलवतो आणि जयंतीच्या कमिटीत मात्र घेत नाही, असे होऊ देऊ नका. विहाराच्या संडासाला आतून नीट कडी लावा आणि तो सर्वांना खुला ठेवा. अभ्यासिकेत अशा मुलाला कुणी चिडवले तर चिडवणाऱ्याला उठवा.

आपल्या आजोबा-पणजोबांना पाणवठ्यावरून, देवळावरून, शाळेच्या वर्गातून बाहेर काढले गेले. बाहेर काढलेल्या माणसाची तब्येत, मन आणि वय यांचे काय होते, हे आपल्या घराण्यांनी अंगावर सोसलेले आहे. म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे की आपल्या घरातून तरी कुणी लेकरू बाहेर निघता कामा नये. येत्या रविवारी विहारात हा विषय काढा. आणि घरात असे लेकरू असेल, तर आज रात्री त्याला ताटावर हाक मारा.

जयभीम.